त्रेसष्टावी ओळ

सात मिनिटं. आठव्याला घंटी.
बोरकुटे मॅडमनी तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा व्हॉट्सॲपवर, घड्याळाचं चित्र टाकून.
शिवाय : सभागृहात एसी फार असतो, शाल आणा.

माझा विषय, दक्षिण नागपुरातील
घरगुती कूलरच्या टाक्यांमधली
डासांच्या अळ्यांची घनता.
'घनता'वर तू दरवेळी अडखळतेस, मोनाली म्हणते,
भातात खडा लागल्यासारखी.
ती पलंगावर बसते, परीक्षक होऊन,
आणि साडेचार मिनिटांनी जांभई देते.
जांभईवरून मला कळतं
कुठली स्लाइड काढायची.

पोस्टर बर्डीवर छापलं. तीन फूट बाय चार.
दुकानदार म्हणाला, वाढदिवसाचं का?
फोटो नाही लावायचा?
लावलाय ना, म्हटलं, हा काय.
चाळीसपट मोठी झालेली माझी अळी
कुण्या भाऊंच्या हार्दिक शुभेच्छांशेजारी
पंख्याखाली वाळत पडली होती.

एकशे बारा घरं.
मानेवाडा, अयोध्यानगर, हुडकेश्वर रोडच्या आतल्या गल्ल्या.
एकटी गेले असते तर
काही विकायला आली म्हणून दारातूनच परत.
पण बाबा कूलरच्या ताट्या बदलतात.
ते नुसतं म्हणायचे, "पोट्टी आहे माझी, पाणी पाहाले आली,"
की कडी निघायची.
मी पांढऱ्या वाडग्यात पाणी घ्यायची, उन्हाकडे धरायची.
सतरा. शून्य. एक्केचाळीस.
मागे उभी बाई हळूच विचारायची,
दंड तर नाही ना बसत?

काल रात्री बाबांसमोर म्हणून दाखवलं.
फेब्रुवारीत ते मोटारी भरून ठेवतात, मार्चच्या आधी.
मांडीवर एक उघडी मोटार,
तांब्याची तार बोटाभोवती.
ऐकताहेत की नाही, कळत नव्हतं.
पाचवी स्लाइड. तक्ता.
"त्रेसष्टाव्या ओळीत सलग अकरा आठवडे शून्य. कारण अज्ञात."

तार थांबली.
"त्रेसष्ट म्हंजे कोन्तं घर?"
सांगता येत नाही बाबा, गोपनीय असतं.
"मले काय गोपनीय? ताटी मीच तं लावली."
मी वही काढली. त्यांनी नाव उच्चारलं,
ते मी इथंही लिहीत नाही.
"थे निळी टाकी. पायरी फुटली हाये पाय.
थ्या बाईच्या पोराले कूलरचा करंट लागला होता.
कूलर फेकला नाही तिनं. नातू झोपते ना.
पन रोज रातच्याले, पोरगं झोपलं का पिन काढते,
टाकी पूरी उलटी करते,
फडक्यानं कोरडी करते. रोज.
मंग गरमीत बसते."

मोनालीनं घड्याळ लावलेलं होतं,
बंद करायचं राहून गेलं.
बारा मिनिटं झाली. पंधरा.

मग मी म्हटलं, हे तर कारण आहे, बाबा.
सांगू उद्या? तीस सेकंदांत बसवते.
त्यांनी तारेचं टोक दातात धरलं, सोललं, थुंकलं.
"तिले विचारून सांग."

सकाळी सव्वासात. विद्यापीठाची बस साडेआठची.
पोस्टरची गुंडाळी काखेत, पिशवीत शाल,
मी फुटक्या पायरीवर.
खिडकीत कूलर पोत्यात गुंडाळलेला,
सुतळीच्या दोन गाठी, वर आणखी एक.
आतून कपबशांचा आवाज, शाळेचा मोजा शोधणारं कुणीतरी.

बाईंनी दार उघडलं.
"आज काहून? आता तं पानी बी नाही."

सात मिनिटांचं सगळं पाठ होतं,
'घनता'सुद्धा.
त्यातलं एकही वाक्य
या दारात म्हणण्यासारखं नव्हतं.
मी चपला काढल्या.