डावी तर्जनी

रजिस्टरात लिहिलं: जिवलीबाई गावित,
मूळ गाव सुरगाण्याकडचं, हल्ली मुक्काम मोहाडी,
द्राक्षबागेतली पत्र्याची शेड.
डावी तर्जनी. छाटणीची कात्री. चार दिवस.

चिंधी सोडली तर आत तंबाखूचा लगदा
आणि बोट असं, की कुणी परक्याचं आणून जोडलंय.
लाल. तापलेलं. टणक.
ठणका विचारला तर म्हणाली, "रातभर आत ढोल बडवतंय कोनतरी."
वाकव म्हटलं, वाकेना.
मनगटाकडे एक लाल रेघ निघालेली.
अजून एक दिवस, तर नाशिकला सिव्हिलला धाडावं लागलं असतं.

मुकादम दारात. घाई त्याची.
"विष चढलंय," म्हणाला, "उतरवा."
विष नाही हो, ही तिचीच माणसं.
पात्यावरून जंतू आत उतरले
तेव्हा पहिली हाक तिथल्याच पेशींनी दिली.
शिरा सैल झाल्या, रक्त धावत आलं, म्हणून ही ऊब.
शिरांच्या भिंती पाझरल्या,
त्या फटींतून पांढऱ्या पेशी अंग चोरत बाहेर पडल्या.
आणि हा पू, ज्याला तुम्ही नाक मुरडताय,
त्यात त्यांचेच देह पडलेत.
कुणी हजेरी मांडली नाही त्यांची.

तो गप्प. मग मीच विचारलं,
खोडाला काप गेला की काय लावता?
"बोर्डो पेस्ट. लगेच. नाहीतर रोग शिरतो ना."
आणि डावणीचा एकच डाग दिसला तर?
"दंव पडू द्या, रातोरात अख्खा प्लॉट."
सगळं ठाऊक होतं त्याला.
नखांत मोरचूद अजून निळा होता.

डॉक्टरांनी चीर दिली. मी ट्रे धरला.
तिनं आवाज केला नाही, पायाचा अंगठा तेवढा फरशीत रुतवला.

तिसऱ्या दिवशी आली ती पोराला काखेत घेऊन.
कानामागं फोड, वर मधासारखी खपली.
सुजल्या हाताच्या चिंधीनंच नाक पुसलं होतं त्याचं.
माणसाला दंव लागत नाही.

आठव्या दिवशी बोटाची साल सुटत होती,
जुन्या खोडाची सुटते तशी, खाली गुलाबी.
वाकलं. पुरतं नाही, पण वाकलं.
पिशवीतून कात्री काढून दाखवली तिनं,
चहाच्या पातेल्यात उकळून आणलेली.
बाहेरून मुकादम ओरडला, "धार घालवली हो बाईनं!"

मी लिहिलं: बरी.
मग खोडलं. बरी होत आहे.
त्या पातेल्याचं पुढं काय केलं,
ते विचारायचं राहूनच गेलं.