खर्चापुरतं

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये होतो,
तपासणी खात्यात.
शाईचा वास कपड्यांतून घरापर्यंत यायचा,
नोट कधी आली नाही.
सुटताना गेटवर अंगझडती,
चपला, डबा, टोपीची शिवणसुद्धा.
वाईट कधी वाटलं नाही.
कोट्यवधींच्या शेजारी दिवसभर बसून
रिकाम्या हातानं जेलरोडला परत येणं,
तो माझा रुबाब होता.

सप्तधारा निधीच्या दारात झडती नव्हती.
थंड पाण्याचं मशीन होतं, केशरी पेढा होता,
आणि मला 'काका' म्हणणारे गायधनीशेठ.
सहा लाख चाळीस हजार.
पावती मी अंगठ्यानं दाबून पाहिली, सवयीनं.
कागद हलका होता.
बोटांना कळलं.
तरी घडी घालून खिशात ठेवली.

आता तारखेला सीबीएसजवळच्या कोर्टात बसतो.
शब्द आहे 'गोठवलं'.
खाती गोठवली, गंगापूर रोडचे गाळे गोठवले,
एक पांढरी गाडीही गोठवली, तिच्यावर कबुतरं बसतात.
इंदुबाई ताजनपुऱ्यांना मी समजावलं,
म्हणजे पैसा आहे, फक्त हलत नाही.
त्या म्हणाल्या, माहेर माझं निफाडकडचं.
गोठलेला मणी पुन्हा द्राक्ष होत नाही, भाऊ.

जानेवारीत गायधनीचा अर्ज आला.
वकिलाला द्यायला जवळ पैसे नाहीत,
गोठवलेल्यातून बारा लाख मोकळे करावेत.
आमच्या बाकावरून एक आवाज उठला,
खोकल्यासारखा.
शिपायानं नुसतं बघितलं.
न्यायाधीशबाईंनी विचारलं,
बायकोच्या नावावर काही? सोनं? भाऊ मदत करतो?
शपथपत्रात सगळीकडे 'निरंक'.
आमच्या सायखेडकर मॅडम म्हणाल्या,
हा पैसा त्यांचा नाहीच, त्याचे मालक या बाकावर बसलेत.
त्यांचे खैरनार वकील म्हणाले,
मालक कोण, तेच तर ठरायचंय.
आणि खरं सांगतो, बरोबर बोलले.
मला तिथंच राग यायला हवा होता.
आला तो सिटी बसमध्ये, द्वारका ओलांडल्यावर.

हुकूम झाला चार लाखांचा.
बिलं दाखवून, तारखेगणिक हिशेब देऊन,
अंतिम निकालाच्या अधीन राहून.

रात्री मी पेन्सिल घेतली.
नऊ कोटींत माझे सहा चाळीस,
तर चार लाखांत माझे किती?
दोन हजार आठशे चव्वेचाळीस.
वरचे पैसे सोडून दिले.
म्हणजे माझी पावती ही ठेवपावतीच नव्हे
हे पटवून द्यायला
मी दोन हजार आठशे चव्वेचाळीस रुपये मोजले होते.
बायकोला बोललो नाही.
तिच्या गुडघ्याचा पट्टा साधारण तेवढ्यालाच येतो.

त्या रात्री निफाडला पारा चारवर उतरला.
इंदुबाईंचा फोन आला,
भावाच्या बागेत शेकोट्या पेटवल्यात म्हणाल्या.
विचारलं, जाळता काय?
म्हणाल्या, दुसरं काय, छाटणीतल्या काड्या.
बाग वाचवायला बागेचंच लाकूड.
मी बराच वेळ फोन कानाला लावून होतो.

पुढच्या तारखेला लवकर गेलो, पुढच्या बाकावर बसलो.
खैरनार उठले. फाईलला रंगीत चिठ्ठ्या,
एकही पान शोधावं लागलं नाही.
माझ्या सहीकडे बोट केलं,
मग बारीक टाइपातल्या कलम नऊकडे,
जे मी, आयुष्यभर भिंगातून पाहणाऱ्यानं,
वाचलंच नव्हतं.
काम चोख होतं.
प्रेसमध्ये असा शीट मी पास केला असता.

अर्ध्यात इंदुबाई कुजबुजल्या,
चला भाऊ, खाली चहा घेऊ, कशाला ऐकायचं.
म्हटलं, थांबा.
पैसे भरलेत.
पूर्ण ऐकून घेऊ.