तफावत

करारातलं सातवं कलम एवढंच सांगतं:
मोठ्या मीटरपर्यंत पाणी आमचं,
मीटर ओलांडलं की तुमचं.
खाली कंपनीचा शिक्का, काउंटीची सही,
आणि सिप्रोझा न्यासुनाचं नाव,
पेन इतकं दाबून लिहिलेलं
की मागच्या कोऱ्या पानावरही हाताला लागतं.

मी दर महिन्याच्या तीन तारखेला येतो,
किसुमूच्या या खालच्या अंगाला,
जिथे डांबर संपतं आणि पपईची झाडं रस्ता सांगतात.
चेंबरच्या झाकणाला दोन कुलपं.
एकाची किल्ली माझ्या कमरेला,
दुसरीची तिच्या गळ्यात, क्रूसाशेजारी.
एकट्याला उघडत नाही.
पहिल्या वर्षी याचा मला अपमान वाटायचा.

तेव्हा नुकतीच चोरी थांबली होती.
शेवयांसारखे गुंतलेले पाइप गटारातून जायचे,
आम्ही दिवसा तोडायचो,
उजाडेपर्यंत पुन्हा जोडलेले असायचे.
जोडणारा हात टोबियासचा.
तोच आता समितीचा प्लंबर, निळा गणवेश घालतो,
कुठला सांधा पाझरतो ते झोपेतही सांगेल,
निम्मे सांधे त्यानंच फोडलेले.

सरोवर इथून दिसतं,
जलपर्णीनं भरलेलं, गुरं सोडावीत असं हिरवं.
पाणी, पण डोळ्यांपुरतं.

झाकण उघडतो. आकडा मोठ्यानं वाचतो.
ती तिच्या वहीत लिहिते, मी माझ्या.
मग बेरीज: त्र्याण्णव घरं, तीन नळकोंडाळी, एक शाळा.
मोठ्या मीटरमधून गेली चारशे बारा युनिटं,
छोट्या मीटरांनी कबूल केली चारशे एक.
अकरा कमी.
म्हणजे साडेपाचशे जेरीकॅन.
आमच्या फॉर्मात याला म्हणतात हिशेबाबाहेरचं पाणी,
आणि पुढे शेऱ्यासाठी बोटभर जागा.

गेल्या आठवड्यात मुख्यालयात पाहुण्यांना
पडद्यावर दाखवली ही योजना.
दोन बाण, मध्ये एक वर्तुळ,
वर्तुळात लिहिलं होतं: समुदाय.
मी मागच्या खुर्चीत बसून शोधत होतो
यात दुसरं कुलूप कुठे आहे.

"गळती?" मी विचारतो.
ती वही उलटी करते.
मागच्या बाजूनं दुसरीच वही सुरू होते.

ओग्वेनोंच्या घरी मयत. चार दिवस मांडव, लांबून माणसं. दोनशे.
पेरूपाशी सांधा सुटला, टोबियासनं पहाटे बांधला. दीडशे, अंदाजे.
शाळेत जुलाबाची साथ. हात धुवायला ऐंशी.
दहा नंबरची बाळंतीण, जुळी. पैसे मागायचे नाहीत, सभेत ठरलंय. नव्वद.
नळ चालू ठेवून भांडण, दोघी जणी. वीस.
दोघींची नावं खोडलेली, पण वाचता येतात.
उरले दहा: माहीत नाही.

त्याखाली, शाई अजून ओली:
कंपनीचा माणूस. एक पेला.

मी खिसा चाचपतो.
"राहू दे," ती म्हणते, "पण लिहायला तर हवं."

आणि मला आठवतं, आमच्या चाळीस वर्षांच्या दप्तरात
मुरलेलं पाणी खूप आहे,
कोण प्यालं ते एकाही पानावर नाही.

आधी तिचं कुलूप, मग माझं.
माझं अडतं, दोनदा फिरवावं लागतं.
"तेल घाल," ती म्हणते. "सातव्या कलमात बसतं ते, तुमच्याकडे."

शेऱ्याच्या जागेत मी लिहितो:
तफावत अकरा युनिटं,
दहा जेरीकॅन सोडून बाकीची कुठे गेली ते ठाऊक आहे.
अक्षरं चौकटीबाहेर जातात.
मुख्यालय हा फॉर्म परत पाठवेल.
गेल्या महिन्यातलाही पाठवला होता.