अठरा हजार, लसी धरून

पाथर्डी फाट्याचा माणूस फोनवर म्हणाला,
अठरा हजार, लसी धरून.
आई बघायची असेल तर रविवारी या.
लाइटबिलाच्या मागे लिहून घेतलं.

मनुका फुकट आली होती.
सातपूरला, कंपनीच्या सायकल स्टँडमागे,
ग्रीसने माखलेली, मुठीएवढी, अंगभर सुरकुत्या,
म्हणून मनुका.
डब्यातली अर्धी पोळी, एवढाच काय तो खर्च,
असं तेव्हा वाटलं.

मग तेरा वर्षं कुंदा
माहेरी मुक्कामाला गेली नाही.
सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा
आमचा राहिला नाही.
शेवटी सलाईन, रोजचे साडेचारशे.
डॉक्टर सोनजे पावती फाडताना
वर बघत नसत.

मखमलाबादला मेव्हण्याच्या बागेत
तिसऱ्या ओळीच्या टोकाला खड्डा घेतला.
खरड छाटणी चालली होती.
गडी म्हणाला, काका, खोल घ्या,
ट्रॅक्टर वळतो इथून.
मी आणखी हातभर खाली गेलो.
घामाचं बरं असतं,
कुठून आला कुणी विचारत नाही.

आता हिशोब असा:
मला चौसष्ट पूर्ण. कुत्रं जगतं बारा, तेरा.
कुंदाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.
कोण कुणाला पोचवणार
हे त्या माणसाला फोनवर विचारता येत नाही.
मी विचारलं, थोडं कमी होईल का?
तो म्हणाला, या तर खरं.

रविवारी कुंदा सकाळीच साडी बदलून बसली.
नुसतं बघून येऊ, म्हणाली,
आणि पिशवीत जुना टॉवेल घातला.