जिवंत बिळं

काल संध्याकाळी आसाराम कापगतेच्या बांधीत
धुऱ्यावरची सगळी तोंडं चिखलानं लिंपली. सव्वीस.
नियम असा: रात्रीतून उघडलं ते जिवंत,
लिंपलेलंच राहिलं ते सोडून दिलेलं.
सकाळी मोजायचं, आणि तेवढ्याच पुड्या औषधाच्या.

धान कापून आठवडा झाला होता.
धसकटांच्या मधून लाखोरी बोटभर वर आलेली,
बूट दवानं भिजून जड.
मी मोजलं. तीन उघडी.
वहीत रकाना होता, त्यात तीन लिहिलं,
खाली रेघ मारली.

धुरपताबाई नेवारे धुऱ्यावर उकिडवी बसली होती,
मांडीवर सब्बल, बाजूला रिकामी टोपली.
"तीन नाई जी साहेब.
ते तीन तर खेकड्याचे.
उघडं दार दिसलं का तुमी म्हनता, घरात मानूस आहे.
हा कारा उंदीर आतून दार लावते."

मग तिनं मला ढीग दाखवले.
काही मातीवर दव होतं.
काहीवर नव्हतं:
रव्यासारखी चाळलेली, पंख्यासारखी पसरलेली माती,
आत्ता, आपण चहा पीत होतो तेव्हा, कुणीतरी छातीनं ढकललेली.
"अकरा," ती म्हणाली. मोजलंही नाही तिनं.

टाचेनं ठोकत ती चालली. एका जागी आवाज पोकळ आला.
सब्बल तिथं नाही मारली, हातभर अलीकडे मारली.
भुयारात बांबूची काडी घातली, काडी डावीकडे वळली,
ती डावीकडे वळली.
एक खोली लेंड्यांची.
एक आंधळी, कुठंच न जाणारी, वर बोटभर माती राखलेली.
"ही पळाची वाट," म्हणाली, आणि पदर त्यावर टाकून ठेवला.
मग कोठार.

लोंब्या तिरप्या कापलेल्या, विळ्यालाही जमू नये अशा,
सगळ्यांची तोंडं एकीकडे.
दीड पायली भरेल.
कापगतेच्या मळणीत इतकं स्वच्छ धान मी पाहिलं नव्हतं.

पुढं तणसाचा गोळा. आतून डुकरासारखं फुरफुरलं काही,
मी मागं सरकलो,
हात नकळत खिशातल्या पुड्यांवर.
केस फिस्कारून ती उभी, मुठीएवढी,
तिच्या पोटाखाली गुलाबी काहीतरी वळवळत होतं.
धुरपताबाईनं ओलं ढेकूळ उचललं
आणि त्या खोलीचं तोंड बंद केलं.
"काऊन?" मी विचारलं.
तिनं टोपली डोक्यावर घेतली.
"धान भेटलं न जी. आता तिले आवरू द्या."

टोपलीतून दोन लोंब्या पडल्या.
तिनं वळून पाहिलं, उचलल्या नाहीत.

तीन पुड्या मी खेकड्यांच्या बिळांपाशी नेल्या,
आणि तशाच परत आणल्या. त्या टेबलाच्या खणात आहेत.
वहीत तीनच आहे. सही झाली, शिक्का पडला.

साकोलीला बदली होऊन मला दीड वर्ष झालं.
खोली भाड्याची, मागच्या बाजूची.
परवा घरमालकाची बाई शेजारणीला सांगत होती,
"तिथं कोनी नाई राहात वाटते. दार लागूनच राहते."
मी आत होतो.
स्टोव्हवर भात होता, शिट्टी व्हायची होती.
मी काही बोललो नाही.