रात्रीचा उतार

केवळाबाई दाभाडे, वय एकावन्न, चंदनझिरा, जालना.
सहभागी क्रमांक एकशे सात.
डाव्या दंडाला पट्टा, कमरेला यंत्र.
दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासानं
ते आपोआप फुगेल. तेव्हा हात सैल सोडायचा, बोलायचं नाही.
"कोणी धरल्यावानी होतंय," ती म्हणाली,
"आन् सोडलं की लई बरं वाटतंय."
सगळा अभ्यास एवढाच आहे, हे मी बोललो नाही.
फॉर्मवर सही घेतली. तिनं पूर्ण नाव लिहिलं,
वेळ लागला, मी थांबलो.

झोपेत रक्तदाब उतरतो का, एवढंच बघायचंय.
उतरायला हवा, निदान दहा टक्के.
दिवसा न निघालेलं मीठ
मूत्रपिंडं रात्री ढकलत बसतात
म्हणून काहींचा उतरत नाही, असं म्हणतात.
त्यांचं हृदय दवाखान्यातल्या सकाळच्या आकड्याला फसवून
आतल्या आत जाड होत जातं.
घराची भिंत जाड असली तर चांगलंच. इथं उलटं.

काझी मॅडमनी शिकवलेलं मला आठवतं:
हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं,
त्याचा स्वतःचा वाटा मात्र बराचसा
दोन ठोक्यांच्या मध्ये, ते सैल पडल्यावर येतो.
आवळलेलं असताना त्याच्याच नळ्या दबलेल्या असतात.
वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलेख काढला.
रात्री दहाला एकशे चौतीस. अकराला एकशे सव्वीस.
साडेबाराला एकशे एकवीस, वाटलं, उतरतोय.
एकला एकशे बावन्न.
दीडला एकशे एकसष्ट.
दोनला यंत्रानं लिहिलं: चूक, हात हलला.
अडीचला पुन्हा चूक.

सोबत एक वही देतो आम्ही, त्या त्या वेळी काय चाललं होतं ते लिहायला.
तिच्या सातवीतल्या नातीनं, संबोधीनं, जांभळ्या जेलपेननं लिहिलेलं:
१२.५० आजी उठली. नळ येणार.
१.०० आला नाही.
१.३० आला. मोटर लावली. शेजारच्यांनी पण लावली.
२.०० ड्रम.
२.३० घागरी, टप, कुकर.
३.०० गेलं. आजी पायरीवर बसली.

तीनचा आकडा: एकशे अठरा.
चोवीस तासांतला सर्वांत खालचा.
पायरीवर. जागी.

"ही नेहमीची रात्र होती का?"
"नेहमीचीच की. आठ दिवसाला एक."
"मग बाकीच्या सात?"
"बाकीच्या सात रात्री, आला का काय म्हणून कान उघडा."
मग जरा हसून:
"माझा दाब कमी करायची गोळी देता,
नळाचा वाढवायची हाय का तुमच्याकडं?"

नियमाप्रमाणे पुन्हा पट्टा बांधला, बिनपाण्याच्या रात्री.
वही कोरी. संबोधी झोपली होती.
आकडा एकशे तीसच्या खाली आलाच नाही,
ना उठणं, ना ड्रम, ना मोटर,
अंथरुणात पडून राहिलेली एक बाई
आणि दर अर्ध्या तासानं तिचा दंड धरून सोडणारं आमचं यंत्र.
त्यानंही झोप मोडली असेल थोडी,
हे मर्यादांच्या परिच्छेदात येईल, लहान अक्षरात.

फॉर्मवर शेवटी रकाना आहे: दाब न उतरण्याचं संभाव्य कारण.
घोरणं. लघवीला उठणं. गोळी चुकणं. रात्रपाळी.
इतर, आणि पुढं तीन सेंटीमीटर रेघ.
मी लिहिलं: पाणी.

संध्याकाळी माहिती भरणाऱ्या मुलीचा फोन.
"सर, एकशे सात. पाणी म्हणजे?
प्यायलं, का भरलं?"