नाद

चप्पल लाइनीच्या माडीवर
कातड्याच्या वासात
इर्शाद मुल्लाणीनं उघडलाय
लग्नाच्या बँडमधून बाद झालेला ऑर्गन.
'सा' दाबला की तो जरा डगमगतो,
रंकाळ्यात दिवा हलावा तसा.

"हेच पाहिजे," मी म्हणतो. "दुरुस्त करू नको."

साठ-पासष्ट साली
आमचे बापही जन्मले नव्हते.
तरी टेप उलटी फिरते,
गिटार मागं मागं जाते
आणि मला आठवायला लागतं
कधी न पाहिलेलं:
जांभळं ऊन, लांब केसांची पोरं,
वेळ म्हणजे गुऱ्हाळातली काहील,
सावकाश ढवळलेली.

खालून तानूमामा ओरडतो,
"खुळं झालायसा काय रं?"

आम्ही न्हाई, मामा.
नाद खुळा झालाय.
आम्ही नुसती पट्टी दाबून धरलीय.